ठेकेदाराने कमी दिलेला किंवा बुडवलेला पगार कसा वसूल करायचा: नागपुरातल्या रुग्णालयांतल्या कंत्राटी कामगारांसाठी

वॉर्डातल्या मावशी, मामा, सफाई कामगार, लाँड्रीवाले, स्ट्रेचर ओढणारे, गेटवरचे गार्ड, ठेक्यावरच्या सिस्टर. ज्यांचा पगार रुग्णालय थेट देत नाही, मधला ठेकेदार देतो, त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. पगार कमी येतो, उशिरा येतो, पीएफ कापला जातो पण खात्यात दिसत नाही. मग एक दिवस डोकं फिरतं, पाच-सहा जण मिळून सिव्हिल लाईन्सच्या कामगार कार्यालयात जातात, एक पानी अर्ज देतात आणि घरी येतात. पुढच्या आठवड्यात सुपरवायझर ड्युटी लिस्टमधून नावं काढतो. सुनावणीत ठेकेदार म्हणतो, "ही बाई माझ्याकडे कामालाच नव्हती." आणि बाईकडे दाखवायला काहीच नसतं.

कायद्यात कमी पडल्याने असे अर्ज फार क्वचित पडतात. ते पडतात क्रम उलटा झाल्याने. अर्ज आधी आणि कागद नंतर, असं होतं. हा क्रम सुलटा केला तरी अर्धी लढाई सोपी होते.

१. आधी ठरवा: मालक कोण आणि सरकार कोणतं

तुमचे मालक दोन असतात. एक ठेकेदार आणि दुसरं ज्या इमारतीत तुम्ही राबता ते रुग्णालय, म्हणजे मूळ मालक. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. वेतन संहिता, २०१९ मध्ये ही तरतूद आहे, आणि जुन्या कंत्राटी कामगार कायद्यातही होती. तरी दहातले आठ अर्ज नुसत्या ठेकेदाराच्या नावावर लिहिलेले असतात. ठेका संपला की तो गाशा गुंडाळतो, फोन बंद करतो, आणि नोटीस "पत्त्यावर आढळला नाही" म्हणून परत येते. रुग्णालय मात्र कुठे पळून जात नाही. म्हणून पहिल्या कागदापासून दोघांचीही नावं घाला.

ठेकेदाराचं नाव पक्कं करा. गणवेशावर छापलेलं नाव, सुपरवायझर सांगतो ते नाव आणि बँकेत पगार जमा करणाऱ्याचं नाव, ही तीन वेगळी निघू शकतात. पासबुकात पगाराच्या नोंदीपुढे जे नाव येतं ते आणि पीएफच्या पासबुकावरचं आस्थापनेचं नाव, ही दोन खरी धरा.

आता सरकार कोणतं ते बघा. मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं, महापालिकेचे दवाखाने आणि सगळी खासगी किंवा ट्रस्टची रुग्णालयं यांचं काम राज्याच्या कामगार खात्याकडे, म्हणजे सिव्हिल लाईन्समधल्या अपर कामगार आयुक्त कार्यालयाकडे येतं. मिहानमधलं एम्स किंवा रेल्वेचं रुग्णालय असेल तर केंद्राच्या प्रादेशिक कामगार आयुक्तांकडे जावं लागतं.

तपासा: चुकीच्या खिडकीवर दिलेला अर्ज कोणी फाडून टाकत नाही. तो नुसता पडून राहतो, आणि दोन-तीन महिन्यांनी कळतं की "हे आमच्याकडे येत नाही." अर्ज देतानाच विचारा, "साहेब, हे रुग्णालय तुमच्या अखत्यारीत आहे ना?"

२. पुरावा गोळा करा, तोंडातून अवाक्षर न काढता

या टप्प्याला महिना लागला तरी चालेल. तोवर सुपरवायझरशी भांडू नका, ग्रुपवर धमक्या टाकू नका. एकदा तक्रारीची कुणकुण लागली की मस्टर बदलतं आणि ड्युटी लिस्ट डिलीट होते.

तीन गोष्टी सिद्ध करायच्या असतात: तुम्ही तिथे काम केलंत, किती दिवस आणि किती तास केलंत, आणि हातात किती आलं.

काम केल्याचा पुरावा म्हणजे ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो, गेटपास, गणवेश, प्रशिक्षणाचं किंवा लसीकरणाचं कार्ड, आणि सोबत काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्यांची नावं. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ड्युटी लिस्ट तर सोन्यासारखी. तिचा स्क्रीनशॉट घेताना ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ मेसेज आणि मूळ फोन जपा. नवा फोन घ्यायचा असेल तर आधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

दिवस आणि तासांसाठी दोनशे पानी वही घ्या. रोज एक ओळ: तारीख, वॉर्ड, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, त्या दिवशीचा सुपरवायझर. एकाच पेनाने एकाच बैठकीत भरलेली वही लगेच ओळखू येते, तेव्हा रोजच्या रोज लिहा. मागचे महिने आठवून लिहायचे असतील तर वेगळ्या पानावर "आठवणीनुसार" असं प्रामाणिकपणे लिहून मगच लिहा.

हाती आलेल्या पैशासाठी बँक पासबुक छापून घ्या. इथे एक जुनं दुखणं आहे. खात्यात पूर्ण पगार जमा होतो, कागद स्वच्छ दिसतो, आणि त्याच संध्याकाळी सुपरवायझर प्रत्येकाकडून दोन-तीन हजार रोख "परत" घेतो. कुठे कुठे तर एटीएम कार्डच त्याच्या खिशात असतं. असं होत असेल तर नुसतं पासबुक तुमच्याविरुद्ध जातं. मग दाखवायचं काय? एकाच दिवशी, एकाच एटीएममधून, दहा जणांच्या खात्यांतून सारखीच रक्कम निघाल्याच्या नोंदी. एकट्याचं पासबुक फारसं काही सिद्ध करत नाही, दहा जणांची शेजारी ठेवली की चित्र बोलतं. कार्ड त्याच्याकडे असेल तर बँकेत ते हरवल्याची नोंद करून ब्लॉक करा, नवं घ्या. पैसे मागितलेच तर यूपीआयने देण्याचा आग्रह धरा. तो नाही म्हणेल, पण कधीतरी घाईत हो म्हणतो आणि त्याचं नाव कायमचं नोंदलं जातं.

सावधान: फोटो काढताना रुग्णाचा चेहरा, केसपेपर, फाईल चौकटीत येऊ देऊ नका. रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग हे तुम्हाला काढायला आयतं कारण होईल.

सावधान: कोऱ्या व्हाउचरवर, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या कोऱ्या कागदावर सही नको. घरच्या ओढाताणीपायी आधीच सही केली असेल तर निदान कोणत्या तारखेला, कोणासमोर केली ते वहीत टिपा.

सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकार हे मोठं हत्यार आहे, आणि ते चुकीचं वापरलं जातं. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्द. लोक चार पानांची कैफियत लिहितात आणि अर्ज फेटाळला जातो. "अमुक विभागाच्या सफाई ठेक्याचा कार्यादेश, करारनामा, अमुक ते अमुक महिन्यांची ठेकेदाराची देयके आणि त्यासोबत जोडलेली हजेरीपत्रके व पीएफ चलने यांच्या प्रती द्याव्यात." एवढंच. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. ठेकेदाराने रुग्णालयाकडून तुमच्या नावावर किती उचलले, हे या देयकांतून बाहेर येतं. तक्रारीचा वास येऊ नये म्हणून हा अर्ज कामावर नसलेल्या नातेवाइकाच्या नावाने करता येतो.

३. हिशेब मांडा: घरी मिळालेल्या रकमेवरून नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक किमान वेतनातून हाती आलेली रक्कम वजा करतात आणि सगळा फरक मागतात. मग ठेकेदाराचा वकील म्हणतो, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) धरलंच नाही, आणि अख्खा तक्ता संशयात येतो.

आधी दर घ्या. किमान वेतनाचा मूळ दर आणि त्यावरचा विशेष भत्ता असे दोन भाग असतात. विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, म्हणून दीड वर्षाच्या थकबाकीत तीन-चार वेगळे दर लागू शकतात. तुमचं काम कोणत्या अनुसूचीत (उद्योगांच्या यादीत) आणि कुशल, अर्धकुशल की अकुशल कोणत्या वर्गात येतं, ते विचारून त्या त्या सहामाहीचं दरपत्रक कामगार कार्यालयातूनच घ्या. फेसबुकवर फिरणारे तक्ते कधी दुसऱ्या राज्याचे असतात, कधी केंद्राचे.

समजा, लागू वेतन महिना १५,००० निघालं आणि कामगार बाई आहे. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआय पाऊण टक्का म्हणजे ११३. व्यवसाय कर शून्य, कारण महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत तो लागत नाही. मावशींच्या पगारपत्रकात २०० रुपये व्यवसाय कर दिसला की तिथेच बोट ठेवा. हाती यायला हवे १३,०८७. आले १०,८००. फरक २,२८७. याच दराचे १४ महिने असतील तर ३२,०१८. असा महिनावार तक्ता करा. एकूण रकमेला काही अर्थ नसतो, प्रत्येक ओळ तपासता आली पाहिजे.

जादा कामाचा हिशेब वेगळ्या रकान्यात. जादा तासाला दुप्पट दर लागतो. आठ तासांची ड्युटी ठरलेली असताना बारा तास राबवलं, तर वरच्या चार तासांचे आठ तास होतात. म्हणजे बारा तासांच्या एका ड्युटीला दोन दिवसांचा पगार. हे कळलं की बरेच जण क्षणभर गप्पच होतात. तुमच्या आस्थापनेला दिवसाचे किती तास लागू आहेत, ते दरपत्रक घेतानाच विचारून ठेवा.

कपातीही बघा. दंड महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर नेता येत नाही. "चादर हरवली" म्हणून पैसे कापायचे तर आधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. सगळ्या कपाती मिळूनही वेतनाच्या निम्म्यावर जाऊ शकत नाहीत.

४. पीएफ आणि ईएसआय: यांची दारं वेगळी

वेतनाच्या अर्जात पीएफ घुसडू नका. त्याचा उल्लेख करा, पण तक्रार रघुजीनगरच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात.

उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा. १५,००० वेतनावर तुमचे १,८००, मालकाचे ५५० आणि पेन्शनचे १,२५० असे तीन आकडे दिसायला हवेत. आकडे लहान असतील तर वेतनाचा रकाना बघा. २६ दिवस काम करून घ्यायचं आणि पीएफला १२ दिवस दाखवायचे, ही ठेकेदारांची आवडती युक्ती आहे. तुमचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) माहीत नसेल किंवा प्रत्येक नव्या ठेकेदाराने नवा काढला असेल, तर आधी आधार जोडून सगळे एकत्र करून घ्या. ते होईपर्यंत तक्रार अर्धवटच राहते. ऑनलाइन जमत नसेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर भेटतो. तुमच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हाही ठरू शकतो. तक्रारीत हे एक वाक्य जरूर घाला.

ईएसआयची मर्यादा २१,००० वेतनापर्यंत आहे, कार्यालय गणेशपेठेत आणि रुग्णालय सोमवारीपेठेत. ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) काढलेलं नसेल तर ते मागा. पैसे कापले जातात पण विमा क्रमांकच नाही, असे लोक रोज भेटतात.

सुई टोचली तर हे सगळं बाजूला ठेवा. बायोमेडिकल कचरा उचलताना सुई टोचणं हा अपघात आहे. जखम साबण-पाण्याने धुवा, दाबू-पिळू नका, आणि लगेच कॅज्युअल्टी गाठा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. अपघात नोंदवहीत नाव घालून घ्या आणि त्या पानाचा फोटो ठेवा. ईएसआयमध्ये कामावरच्या दुखापतीच्या रजेत वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो, पण नोंद नसेल तर काही नाही. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस आणि वर्षातून एकदा तपासणी देणं हे २०१६ च्या बायोमेडिकल कचरा नियमांप्रमाणे रुग्णालयाचं काम आहे, मग तुम्ही ठेक्यावरचे असा की कायम. लस दिली नसेल तर तेही लेखी मागा. त्या मागणीला मिळालेलं उत्तर पुढे "ही आमच्याकडे कामाला नव्हती" याला परस्पर उत्तर होतं!

५. लेखी मागणी

आता तोंड उघडायचं. एका पानावर ठेकेदाराला आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांना किंवा व्यवस्थापनाला मागणी द्या. नाव, काम, कधीपासून, कोणत्या महिन्यांचा किती फरक, आणि १५ दिवसांत द्या. शिव्या, भ्रष्टाचाराचे आरोप, "उपोषणाला बसू" यांतलं काही नको. मागणी जितकी कोरडी तितकी पुढे कामाची.

रुग्णालयाच्या आवक विभागात दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क पोच द्यायला टाळाटाळ करत असेल तर हुज्जत नको, पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे, तेव्हा स्पीड पोस्ट करताना पोचपावती वेगळी मागून घ्या.

६. अर्ज

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. सायबर कॅफेवाल्याकडचा किमान वेतन कायद्याचा जुना नमुना भरू नका. अर्जाच्या दिवशी चालू असलेला नमुना कार्यालयातूनच घ्या. वेतन संहितेच्या कलम ४५ खाली दावा करता येतो. मुदत तीन वर्षं. कामगार स्वतः, त्याची नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक अर्ज करू शकतो, आणि एकाच आस्थापनेतल्या अनेकांचा मिळून एक अर्ज चालतो. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला, म्हणजे दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. अर्जात मागितली नाही तर ती कोणी आठवणीने देत नाही, म्हणून मागा.

थकबाकी संहितेआधीच्या महिन्यांची असेल तर एक काळजी घ्या. जुन्या किमान वेतन कायद्यात मुदत सहा महिन्यांची होती, वेतन प्रदान कायद्यात वर्षाची, आणि सबळ कारण असेल तर उशीर माफ होत असे. समोरचा वकील मुदतीचा मुद्दा काढणारच. म्हणून विलंब माफीचा वेगळा अर्ज सुरुवातीलाच जोडा आणि कारण खरं लिहा: नोकरी जाण्याची भीती, पगारपत्रकच न मिळणं, दर माहीत नसणं.

वेतन कमी दिलं किंवा दिलंच नाही, असा दावा असेल तर दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. अर्जात हे लिहा, आणि हजेरीपट, वेतन नोंदवही, रुग्णालयाला दिलेली बिलं हजर करायला लावण्याची विनंतीही त्याच अर्जात करा.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

डिसेंबरात अधिवेशन असलं की सिव्हिल लाईन्स बॅरिकेडांनी भरतं आणि साहेब बंदोबस्तात किंवा उत्तरं तयार करण्यात गुंतलेले असतात. त्या पंधरवड्यात खाडा करून चकरा मारू नका.

७. सुनावणी आणि तडजोड

पहिल्या तारखेला ठेकेदाराचा माणूस बहुधा गोड बोलतो. "मावशी, वीस हजार घ्या, सही करा, कामावरही ठेवतो." तडजोड वाईट नसते. वाईट असतं ते बाहेर, चहाच्या टपरीवर, "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेल्या कागदावर सही करणं. तडजोड करायची तर प्राधिकाऱ्यासमोर, रक्कम खात्यात जमा झाल्यावर, आणि कामावर ठेवण्याचं वचन त्याच कागदावर लिहून. गटाने अर्ज केला असेल तर कोणी एकट्याने तडजोड करायची नाही, हे आधीच आपसात ठरवा. पहिला फुटला की बाकीच्यांचे साक्षीदार जातात.

दरम्यान कामावरून काढलं, नागपूरहून गोंदियाला बदली दाखवली किंवा गेटवर अडवलं, तर तो वेगळा वाद आहे. वेतनाच्या अर्जात तो मिसळू नका. रोज ड्युटीच्या वेळी गेटवर हजर राहा, फोनमध्ये तारीख-वेळेसह फोटो घ्या, "मी कामावर यायला तयार आहे" असा मेसेज सुपरवायझर आणि ठेकेदाराला पाठवा, आणि आठवड्याच्या आत युनियन किंवा वकील गाठा. घरी बसून राहिलात तर "स्वतःहून काम सोडलं" असं लिहिलं जातं. काढलं किंवा तुम्हीच सोडलं, तरी शेवटचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत देणं बंधनकारक आहे.

८. आदेश हाती आल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागा. अपिलाची मुदत ९० दिवस, तुम्हालाही आणि ठेकेदारालाही. रक्कम भरली नाही तर प्राधिकारी वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. ते प्रमाणपत्र निघालं का, तहसीलमध्ये कोणत्या टेबलावर आहे, याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो.

त्याहून जलद वाट बहुतेकांना सुचत नाही. ठेकेदाराची अनामत रक्कम आणि शेवटची बिलं रुग्णालयाच्या लेखा विभागात अडकलेली असतात. आदेशाची प्रत जोडून अधीक्षक आणि लेखाधिकारी दोघांना लेखी कळवा: ठेकेदाराकडून कामगारांची अमुक रक्कम येणे आहे, ती वळती करून घेतल्याशिवाय अनामत परत करू नये, अन्यथा मूळ मालक म्हणून ती रक्कम रुग्णालयाकडून मागितली जाईल. पोच घ्या. ठेका संपायला महिना-दोन महिने उरले असतील तर आदेशाची वाट न बघता, अर्जाचा क्रमांक घालून हेच पत्र आधीच देऊन ठेवा.